प्रलंबित

शिरोलीच्या फौंड्रीत, पहिल्या मजल्यावर
मी चौकोन मांडत बसलेय.
चौकोनातून बाण, बाणापुढे चौकोन.
धोरणात लिहिलंय: मंजुरीविना ओतकाम नाही.
सोमवारी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येणार,
त्याआधी प्रत्येक कामाला वाट हवी
आणि प्रत्येक वाटेवर एक माणूस.

खाली साचे फोडायला लागले
की टेबलावरचा चहा थरथरतो,
बाण जरा वाकडे पडतात.

चौगुलेसाहेबांचा चौकोन सोपा.
ते सगळ्यालाच मंजूर म्हणतात,
ताराराणी चौकातल्या लाल सिग्नलला.
शकील बागवान रजेवर.
सॉफ्टवेअर म्हणतं, पर्यायी व्यक्ती निवडा.
माणसाला पर्यायी माणूस
यादीतून इतका पटकन मिळतो.

आण्णाप्पा कुंभोजे मात्र यादीत नाहीत.
त्यांना ईमेल नाही, लायसन्स नाही.
तरी एकतीस वर्षं
रस ओतायचा की नाही, हे तेच सांगतात,
भुवईनं.

विचारायला खाली गेले.
"मला कशाला चौकोनात घालताय मॅडम,
मी हितं उभा हाय न्हवं?"

मी त्यांना शेवटची खूण वाचून दाखवली:
वीस मिनिटांत उत्तर न आल्यास
मंजूर समजावे.
खूण आधीच केलेली होती, निळी, सोयीची.
मौनं संमतिलक्षणम्, शाळेत घोकलेलं.
माझं लग्न ठरताना आत्याही तेच म्हणाली होती,
माझ्याकडे न बघता.

आण्णाप्पांनी बाही वर सारली.
कोपरापासून मनगटापर्यंत कातडी
दुधावरच्या सायीसारखी गोळा झालेली.
"लाडल ओलं हुतं. पाच जण हुतो आम्ही.
परत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं बघितलं आसंल.
नको असं कुणीच म्हणलं न्हाई."
बाही खाली.
"तुमची ती खूण त्या दिवशी बी हुती बघा.
निस्ती दिसत नव्हती."

वर आले. खूण काढली.
सॉफ्टवेअरनं विचारलं, नक्की?
असे केल्यास कामे अडकू शकतात.
अडकू देत.

त्यांच्यासाठी एक लायसन्स घेतलं,
अकाउंट्सच्या पद्मजा मगदूमशी भांडून.
पदाच्या रकान्यात काय लिहायचं कळेना.
भुवई, असा पर्याय नव्हता.

सोमवारी ऑडिटरसमोर पहिली विनंती सोडली.
चौगुलेसाहेब: मंजूर, अकरा सेकंदांत.
पर्यायी व्यक्ती: मंजूर.
मग काहीच नाही.
मग बटणाऐवजी एक आवाजी निरोप,
मागे भट्टीची घरघर:
"थांबा वाईच. लाडल तापलं न्हाई अजून."

सॉफ्टवेअरला आवाज कळत नाही.
पडद्यावर नुसतं पिवळं: प्रलंबित.
ऑडिटरनं घड्याळ पाहिलं.
मी अजून एक चहा सांगितला.