डावा हात

सेलूत, जिनिंगच्या भिंतीला टेकलेलं माझं दुकान:
जब्बार पेंटर, नंबरप्लेट करून मिळेल.
थिनरच्या वासात, उलट्या डब्यावर बसून
तहसीन गणितं सोडवतेय.
पाचवीची स्कॉलरशिप, रविवारी पेपर.

आज गिऱ्हाईक नाही.
गेल्या निवडणुकीचं एक पोस्टर उरलंय,
एका बाजूला हात जोडून उभा माणूस, दुसरी बाजू कोरी.
कोऱ्या बाजूवर तिला काढायला घेतलं.

अक्षरं मी तीस वर्षं काढतोय,
दूध डेअरी, रसवंती, सप्त्याच्या कमानी.
पण लेकरू काढणं वेगळं.
अक्षर हलत नाही.
ही वेणीचं टोक चावते,
मोजताना पायाची बोटं दुमडते,
आणि गणित अडलं की
जीभ थोडी बाहेर, माझ्या अम्मीगत.

जिनिंगचा कापूस उडून तिच्या केसांत बसलाय.
झटकला नाही. कागदावर घेतला,
म्हणजे तेवढी जागा सोडून दिली.

कान जमला. मान जमली.
खांद्यावरची उसवलेली शिवणसुद्धा.
मग ती उठून आली, बघितलं, म्हणाली,
"अब्बा, हात चुकला.
मी डाव्यानं लिहिते."

खरंच की.
रोज समोर बसणारी पोर,
आणि माझ्या हातानं आपोआप
पेन्सिल तिच्या उजव्यात दिली होती.

दुसरीचा वर्ग. गुरुजींच्या फुटपट्टीची कड.
आणि डाव्या हाताची चार बोटं
महिनाभर मांडीखाली दाबून बसलेला मी.
तेव्हापासूनचं सगळं, हे बोर्ड, ही कमाई,
उजव्याचं.
कुणाला सांगितलं नव्हतं.
सांगण्यासारखं काय होतं त्यात.

खोडरबर तिचाच घेतला.
"कामून हसायलात?"
"काही नाही. बस तू. गणितं कर."

पेन्सिल डाव्या हातात धरली.
रेघ निघाली ती तिच्याच मनानं,
सांगितलं तिकडं जाईना.
पन्नाशीतल्या माणसाचा हात, दुसरीतल्या पोराचा.
अंगठा सुजल्यासारखा झाला.
करंगळीला तर नख बसलंच नाही.

पाचचा भोंगा झाला.
तिची तीन गणितं राहिली होती,
माझं एक मनगट.

"उद्या करू," म्हणाली, आणि कागद दुमडून
दप्तरात, वहीच्या पानांत घालून घेऊन गेली,
हात जोडलेला माणूस बाहेरच्या बाजूला.