चीक

मे महिना. सावदा. बसस्टँडसमोर खतांचं दुकान,
त्याच्या माडीवर माझं: दोन टेबलं, एक सोल्डरिंग गन,
आणि इकडची गरम हवा तिकडे करणारा पंखा.

नीळकंठ फिरके जीपमधून सीपीयू घेऊन आले,
केळीच्या पानांत गुंडाळून, वर जुनी गोधडी.
मग खिशातून काढली ती तळहाताएवढी पाटी,
जिच्यावर काडीने लिहायचं.
मूळ काडी कुठल्याशा बागेत पडली,
आता तुरीची काटकी, टोक घासून गुळगुळीत केलेली.

"ताई, जानेवारीपासून हे दोघं बोलत नही.
पाळण्यात ठेवतो, बटण दाबतो,
जरा वेळ वाट पाहतं, अन् मंग म्हणतं
पलीकडे कोणी नही."

मी पोर्ट तपासला.
वेग सत्तावन्न हजारांवरून एकोणीसवर आणला,
एकोणीसवरून नऊ हजार सहाशेवर,
सावकाश बोललं तर ऐकू जाईल म्हणून.
जुना फॅक्स पोर्ट धरून बसला होता, त्याला उठवला.
ड्रायव्हर काढला, बसवला. केबल बदलली.
तीनला लाइट गेली, सहाला आली.
पलीकडे कोणी नाही.

फिरके जिन्यावर बसून होते. ट्रक चुकला होता बहुतेक.
त्यांच्या सदऱ्यावर काळपट डाग, खांद्यापासून खिशापर्यंत,
आमच्याकडे ते कुणी पाहतही नाही:
केळीचा चीक लागला की कापड फाटतं, डाग जात नाही.
खिशापर्यंत.
मी पाटी उलटी केली.
तळाशी दहा बारीक पिना,
दहाही पिनांवर तोच तपकिरी पापुद्रा,
घड उतरवताना खिशात झिरपलेला, वाळलेला.

भाचीच्या कंपासपेटीतला खोडरबर घेतला.
एकेक पिन घासली.
पाळण्यात ठेवली. बटण.
आणि बारीकशी किणकिण,
जशी बांगड्यांची स्वयंपाकघरातून येते.

"आलं का सगळं, बघा," मी म्हणाले.
ते मागचं बटण दाबत गेले, एकेक दिवस.
बागांच्या कापणीच्या तारखा त्यांनीच लिहिलेल्या.
मधेमधे दुसऱ्याच ओळी, घरच्या कॉम्प्युटरवरून आलेल्या:
अकरा जानेवारी, आज भरीत आहे, लवकर या.
दोन फेब्रुवारी, आईंचा चष्मा.
सतरा फेब्रुवारी, माधवीचं भाषण, चार वाजता, शाळेत.
अठरा फेब्रुवारी, दुसरी आली.
नऊ मार्च, हे तुम्ही वाचता का?
त्यानंतर रोज रात्री नऊला एक नोंद,
वेळ आहे, मजकूर नाही.

"हे कोकिळाचं अक्षर," ते म्हणाले.
पडद्यावर सगळ्यांचं अक्षर सारखंच असतं,
पण मी काही बोलले नाही.
मीच तिला शिकवलं, ते म्हणाले,
घरचं काही असलं त त्यात टाक, माह्या हातात येईन.

खाली कोणी तरी युरियाची पोती मोजत होतं,
चौदा, पंधरा, पंधरा, सोळा.

मग त्यांनी तुरीची काटकी घेतली,
आजच्या पानावर, नऊच्या ओळीत
काहीतरी लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.
"आता हे तिकडे जाईन ना?"
जाईल. दोन्हीकडचं दोन्हीकडे जातं.
मी त्यांच्यासाठी बटण दाबलं
आणि माझ्या बाजूचा मॉनिटर बंद केला.

बिल चाळीस रुपये.
खोडरबराचे लावले नाहीत.