रु. मढवी

रबाळ्याच्या रद्दीवाल्यानं पुस्तक तोलून दिलं,
एक किलो चारशे ग्रॅम, चाळीस रुपये किलो.
आत हजारभर गणितं आणि बसचं एक फिकट तिकीट.
पहिल्या पानावर निळ्या शाईत
रु. मढवी, दिवा गाव, ऐरोली.
बाकी सगळं पेन्सिलीत.

पुस्तक इंग्रजीत, वैताग मराठीत.
"दिशा बघ." "दिशा बघ ना!"
"वजा कुठं गेला?"
सत्ताविसाव्या पानावर नुसतं "मना नाय जमत".
मना म्हणजे मनाला,
असं मी आठवडाभर समजत होते.
आम्ही औशाकडचे. इथं येऊन दीड वर्ष.

तिचा एक आणि तिचा सात सारखाच दिसतो.
त्यापायी माझा एक ठोकळा
उतारावर सोडला आणि वर चढत गेला.

अभ्यासिकेत पंख्याखालची खुर्ची
आठच्या आत पोचलं तरच.
रात्री अकरानंतर कंपन्यांकडून वास येतो,
मी डोळे मिटून ओळखते:
हा अमोनिया. हे कुजकं अंडं, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड.
हा तिसरा, गोडसर, घशाशी बसणारा,
अभ्यासक्रमात नाही.

एकशे बाराव्या पानावर
माशाचा एक खवला चिकटलाय, करंगळीच्या नखाएवढा.
ट्यूबखाली तिरका धरला
की हिरवा होतो, मग जांभळा.
पातळ थरावरून प्रकाश असा का फुटतो
तो धडा अजून तीनशे पानं लांब आहे.
मी खवला काढला नाही.

एक्केचाळिसावं गणित तिनं चारदा केलंय.
चारदा उत्तर चार. मागं छापलंय पाच.
तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटलाय.
चौथ्याच्या खाली, दाबून, पुढच्या पानावर वळ उठेल इतकं दाबून:
"पुस्तक चूक. मी बरोबर."
मी केलं. चार आलं.
परत केलं. चार.
शेजारचा मुलगा टेबलावर डोकं ठेवून झोपला होता,
नाहीतर त्याला उठवून सांगितलं असतं
की आम्ही दोघी बरोबर आहोत.

आणि मग रोटेशनचा धडा, सतरावं गणित.
चकती काढलेली, नीट, कंपासनं.
आस. बाण.
आय बरोबर
आणि पुढं काही नाही.
पान उलटलं, कोरं.
पुढचं कोरं.
सहाशे कोरी पानं, मला एकटीला.

लग्न झालं असेल. नंबर लागला असेल.
नवी आवृत्ती घेतली असेल.
पेन्सिल हरवली असेल, इतकं साधंही असू शकतं.
दिलेली माहिती अपुरी,
हा पर्याय परीक्षेत मी कधीच निवडत नाही,
भीती वाटते.

मॉक टेस्टला वजा धरून एकशे एकोणीस आले
त्या रविवारी घरी न जाता दिवा गावात गेले.
पाटीपाटीवर मढवी.
किराणा मढवी, मंडप डेकोरेटर मढवी,
दोन मजली मढवी, चार मजली मढवी.
चहावाला म्हणाला, रु म्हणजे कोण?
रुपाली का रुक्मिणी का रुपेश?

रुपेश.
हे मी धरलंच नव्हतं.
"आधी काय गृहीत धरलंय ते लिही,"
सर दर तासाला ओरडतात.
मी चहाचे पैसे दिले आणि खाडीच्या बाजूनं निघाले.
भरती होती की ओहोटी, बघायचं राहून गेलं.

सतराव्या गणितापुढं आज मी पेन्सिल लावली,
तिच्या, त्याच्या,
त्या बरोबरच्या चिन्हापासून पुढं.
एक ओळ. तीन ओळी.
माझा एक आता सातसारखा यायला लागलाय.

उत्तर तीन आलं.
मागं दोन दिलंय.
परत करते.