काचेवर राहिलेलं

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं दुकान,
आठ बाय सहा. एक मशीन, एक स्टूल,
आणि कुलूप नसलेला एक खण.

पोरं येतात तेव्हा पेपर दहा मिनिटांवर असतो
आणि गेटाची घंटा सुरू झालेली असते.
मामा, पाठपोट. फक्त तिसरं युनिट.
मामा, लहान करून, खिशात मावेल असं.
हे दुसरं मला ऐकू येत नाही.
सुटे टाकतात, कॉपी उचलतात, पळतात.
मूळ कागद काचेवरच,
झाकणाखाली, कोमट.

सत्तावीस वर्षं झाली.
खणात मार्ककार्डं आहेत, जातीचे दाखले,
चंदगडच्या एका पोराचा रहिवासाचा कागद.
घर एवढं जवळ की जेवणाचा डबा एसटीनं यायचा,
पण राज्य दुसरं, म्हणून शिक्के जास्त.
एकजण नऊ वर्षांनी आला, गाडी लांब उभी करून.
दाखला नको म्हणाला.
दाखल्याच्या पाठीवर पेन्सिलीनं एक फोन नंबर होता,
तेवढाच बघायचा होता.
सहा आकडी. तो आता लागत नाही, हे त्यालाही ठाऊक.
तरी लिहून घेतला, तळहातावर.

यंदा रंगारी पाटी बदलून गेला,
कन्नड वर, ठळक. मराठी खाली, अंग चोरून.
मशीनला काय,
उजेड सरकतो, काळं ते काळं येतं.

एक पत्र आहे खणात, कन्नडमधलं.
पत्राची झेरॉक्स कोण काढतं?
मी बसच्या पाट्या वाचतो, भाव करतो,
भांडतोसुद्धा कन्नडमधून,
पण हाताचं अक्षर लागत नाही.
बैलहोंगलची शिवलीला हॉलतिकिटाची कॉपी काढायला आली,
म्हटलं, जरा बघ गं काय आहे.
उभ्या उभ्या वाचलं तिनं. पान उलटलं.
पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.
मग जुन्याच घडीवर घडी घातली.
"आत ठेव मामा. येतील न्यायला."
आणि गेली.

झाकण उचललं तर तिचं हॉलतिकीट.

धावलो. गेट पडलेलं,
ती पलीकडे, मध्ये मालगाडी.
दोन डब्यांच्या फटीत निळी ओढणी
दिसायची, जायची, दिसायची.
मी कागद डोक्यावर धरून उभा.
शेजारी कोथिंबीरवाली, तीन स्कूटर, फिजिक्सचे सर,
सगळे डबे मोजत असल्यासारखे गप्प.

गाडी संपली. ती तिथंच होती.
आडव्या खांबाखालून वाकून आली.
"पळूलास कशाला मामा, पडशील की."
आमच्याच गल्लीत उचललेली मराठी,
अहोजाहो तिला कुणी शिकवलंच नाही.

मे लागला.
गाद्या वळकट्या होऊन रिक्षात चढल्या,
भिंतीवर टू-लेटची पानं, चारही कोपऱ्यांना डिंक.
शिवलीला पास झाली. पाव किलो कुंदा
खणावरच ठेवून गेली.
पत्राचं मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.

मेसचा तवा उलटा घालून यल्लव्वा येऊन बसते दुपारची.
कुंदा खाता खाता म्हणाली,
हा खण रिकामा कधी करणार?
म्हटलं, जूनमध्ये पोरं येतात.