दहा हजार वर्षे

जांभळ्या रेशमी कापडात गुंडाळून कागद आला.
सभापतींनी उभं राहून एक वाक्य वाचलं,
आणि शेवटचा शब्द जमिनीवर पडायच्या आत
शेकडो माणसं हात वर करून ओरडली:
बान्झाई! बान्झाई! बान्झाई!
म्हणजे दहा हजार वर्षे जगो.
काय जगो, ते कुणी सांगत नाही.
ओरडणारा प्रत्येक जण
त्याच वाक्याने बेकार झाला होता.

मी सातव्या मजल्यावर, टीव्हीसमोर,
हातात डब्याचं झाकण.
आमचे कुसाकाबे-सान तिसऱ्या ओळीत दिसले,
उजवा हात अर्धाच वर.
खांदा धरलाय गेल्या हिवाळ्यापासून.
लोक म्हणतील, नाराज आहेत.
मी वहीत टिपलं : खांद्याबद्दल विचारलं तर उत्तर तयार ठेवणे.
मग थबकले.
ही वही आता कुणाची?

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, एकोणीस वर्षं.
गाडा थांबला
तेव्हा नळ्याला कुणी वेगळं कळवलं नाही.

फोन वाजला. जीभ सवयीने निघाली,
"खासदार कुसाका..." आणि मध्येच अडली,
पायरी आहे समजून टाकलेल्या पावलासारखी.
पलीकडे झेरॉक्सवाला होता. बिल कुणाच्या नावे काढू, म्हणाला.

तोकिमासा सव्वीस वर्षांचा, यंदाच लागलेला.
व्हिजिटिंग कार्डांवरच्या 'सदस्य' शब्दावर
पट्टी धरून रेघ मारत बसला.
सहाशे कार्डं. सत्तराव्याला पेन संपलं.
"चिनात्सु-सान," तो म्हणाला, "आपल्याला बेकारभत्ता मिळतो का?"
मला खरंच माहीत नव्हतं.
त्या विषयावरच्या भाषणाचे मुद्दे मात्र
मीच काढून दिले होते, दोनदा.

साहेब आले. कोटावरचा बिल्ला स्वतः काढून
टाचण्यांच्या डबीत टाकला.
सकाळी आजी, दुपारी माजी.
चहा स्वतः ओतून घेतला,
कप कुठल्या कपाटात असतात ते विचारून.
सहाच्या गाडीने मतदारसंघात गेले.
तिकीट रोख पैशांनी काढलं.
स्टेशनवर सुटे मोजताना त्यांना वेळ लागला,
मागच्या बाईने घसा खाकरला.

मग मी आणि कागद फाडायचं यंत्र.
अपुरी विधेयकं मेली, त्यांच्या टिपणांचा भुगा झाला.
एक पिवळा लिफाफा यंत्राच्या तोंडाशी नेऊन
मागे घेतला.
हिनोसावा वाडी, एक्केचाळीस उंबरे,
दुपारची बस बंद करू नका.
त्रेसष्ट नावं, प्रत्येकापुढे लाल शिक्का.
काही शिक्के उलटे उमटलेले,
डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून.
समितीपुढे यायचा होता पुढच्या मंगळवारी.
आता समिती नाही. मंगळवार आहे.

कळवायला हवं होतं कुणीतरी.
हे माझं काम राहिलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाचंही नव्हतं.
मी फोन लावला.

तोमेझो ओबोनाइ, वय अठ्ठ्याऐंशी,
बाराव्या घंटेला उचलतात, ठाऊक होतं.
सगळं ऐकून घेतलं.
म्हणाले, "म्हणजे परत लिहायचं?"
हो म्हटलं.
"त्रेसष्ट नाही भरायचे. साठ होतील.
एक जण मुलाकडे गेला."
उरलेल्या दोघांचं मी विचारलं नाही.

वाटलं, ठेवतील आता. ठेवला नाही.
"तिकडे बर्फ आहे का?"
नाही, ऊन आहे.
"इकडे कमरेएवढा."
बराच वेळ नुसता श्वास, आणि रॉकेलच्या शेगडीची फुरफुर.
मग एकदम मोठ्याने :
"थांबा, आली! तीन वीसची आली!"

खिडकीची काच सरकल्याचा आवाज.
रिकामी होती, म्हणाले, एकही माणूस नाही आत.
पण ड्रायव्हरने हात केला.

कसा केला, मी विचारलं.
का विचारलं, कोण जाणे.

"कसा म्हणजे? वर.
पूर्ण वर."