टेबल

मला मत नव्हतं तेव्हापासून मी टेबलावर बसतो.
सातवीत होतो. अक्षर बरं, आणि कानडी वाचता येतं,
एवढ्यावर भरमाण्णा तरळे मला घेऊन गेला.
वडगावात, शाळेच्या फाटकापासून मोजून लांब,
अंगणवाडीतून आणलेलं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली मागाचा मोडका धोटा.

यादी कानडीत यायची, चिठ्ठी मराठीत द्यायची.
मी बोट ठेवून वाचायचो, भरमाण्णा सुधारायचा:
"हुंदरी न्हवं रे, हुंदरे. गंगूबाई हुंदरे.
तिला तिच्या नावानं आत जाऊ दे."
दुपारपर्यंत दोनशे माणसं माझ्या हातून
या लिपीतून त्या लिपीत उतरली.
कुणी विचारलं नाही, तू कुणाकडचा.
संध्याकाळी मीच म्हणत होतो,
आपली गल्ली आज पुरी उतरली.

चिन्ह दर खेपेला नवं पाठ करावं लागे.
टेबल तेच.

एक नोव्हेंबरला आईनं दंडाला काळी फीत लावली.
का, म्हणून विचारलं तर म्हणाली,
हात सरळ धर, टाचणी टोचंल.
कारणं मी पुढं गोळा केली,
घर बांधून झाल्यावर
पायाला दगड शोधावेत तशी.
चांगले दगड मिळाले. अजून आहेत.

आता समोर दुसरं टेबल असतं, मांडवाखाली.
तिथं आमचा नागेश. मोबाइलवर यादी,
बोट लावलं की चिठ्ठी छापून बाहेर.
त्याचं कसं झालं ते मी बघितलंय:
आधी क्रिकेटचा टी-शर्ट आला, मग मित्राची गाडी,
मग एका रात्री जेवताना तो म्हणाला, "आमच्याकडं".
आमटी वाढता वाढता बायको थांबली.
मी काही बोललो नाही. तो शब्द
मी त्याच्याएवढा असताना वापरलाय.

चारच्या सुमाराला गंगूबाईची सून आली, मल्लव्वा,
बैलहोंगलकडची. नागेशला ओलांडून माझ्याकडं.
चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली.
"सासूबाई तुमचं अक्षर वळखायच्या," म्हणाली,
"खरं मत माझं मी घालणार."
घाल की, म्हटलं.

पाचला मी उठलो. आत गेलो.
अंधारात घरातल्या दिव्याचं बटन सापडतं
तसं बोट आपसूक गेलं.
विचार दारातच चपला काढत होता.
काचेआड चिठ्ठी दिसली, सात सेकंद.
नाव बरोबर होतं. अक्षर कुणाचंच नव्हतं.

बाहेर येईतो नागेशनं आपला मांडव सोडून
माझं टेबल डोक्यावर घेतलेलं.
"तात्या, चला."
धोटा घे, म्हटलं. परत लागंल.