परतीचं भाडं

शाबा पागी तळपणहून दोन बसी बदलून
कुडचड्याला आमच्या ऑफिसात आला
आणि पंख्याखाली न बसता दारातूनच म्हणाला,
होडी न्यायची आहे. भिगवणला.
मी म्हटलं, तिथे समुद्र नाही.
म्हणाला, धरण आहे. पक्षी बघायला माणसं येतात.

अठ्ठावीस फूट लांब, साडेपाच रुंद,
फणसाच्या फळ्या, काथ्याची शिवण.
वजन त्याला ठाऊक नव्हतं.
आठ माणसं ओढतात, म्हणाला,
नववा लागला तर समजायचं वाळू सुकी आहे.

खाणी बंद पडल्यापासून आमचे ट्रक मिळेल ते ओढतात:
चिरे, म्हशी, लग्नाचे मांडव.
होडीचा दर कुठल्याच वहीत नव्हता.
चिऱ्यांचा लावला.
चारशे ऐंशी किलोमीटर, पंचेचाळीसनं,
एकवीस हजार सहाशे.
परतीला गाडी रिकामी, म्हणून अर्धा दर,
दहा हजार आठशे.

परतीचं कसलं? ती कुठे परत येणार?
गाडी येते, मी म्हटलं.
तो माझ्या बोटाखालच्या आकड्याकडे बघत राहिला.
सत्तर हजारांना विकली होती, जागेवर पोच.
मुलानं फायबरची घेतली आहे.

क्रेनचे चार हजार. वर तीनशे,
कारण क्रेनवाल्यानं ती उलटी ठेवली, नाळ मागे,
आणि शाबा म्हणाला, फिरव.
ती कधी पाठमोरी चाललेली नाही.
मागे बाहेर आलेल्या सहा फुटांना
बायकोच्या लाल परकराची पट्टी बांधली.
आत ओली गोणपाटं,
आणि दोन निळे कॅन समुद्र.

मोल्याच्या नाक्यावर वनखात्याचा माणूस
टॉर्च घेऊन भोवती फिरला.
नोंदणी असेल तर वाहन, म्हणाला,
नसेल तर लाकूड. कुठल्या रानातलं?
इनासनं पाचशे दिले.
त्याची पावती नाही, मी तशीच लिहिली.

अनमोड चढायला अडीच तास.
निपाणीहून इनासचा फोन:
खारं संपलं, ऊन मरणाचं, शिवणी उघडायला लागल्या,
पंपावरचं गोडं घालू का, विचार त्याला.
मी शाबाला लावला.
पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता.
मग म्हणाला, घाल.
आतां ताचेरूच रावपाचें तिका.

फलटणच्या पेठेत केबलच्या तारा खाली आलेल्या.
गुंडू होडीत उभा राहिला, त्यातलंच वल्हं घेऊन,
तारा वर ढकलत, दुकानांच्या मधून,
पोरं मागे धावत.
इनास म्हणतो, तेवढ्यात ती जरा खूश दिसली.
इनास काहीही म्हणतो.

भिगवणची क्रेन साडेतीन हजार.
शाबाच्या हातात राहिले
एकोणतीस हजार तीनशे.
त्यानं ते माझ्यासमोर दोनदा मोजले,
तक्रार केली नाही, चहाही घेतला नाही.
फक्त जाताना विचारलं, पाण्यात सरळ बसली?
इनासनं सांगितलं होतं, उजवीकडे थोडी कलते.
मी म्हटलं, सरळ.

आता खरं काय ते लिहिते.
गाडी रिकामी आली नाही.
बारामतीहून इनासनं गूळ भरला,
इथल्याच एका व्यापाऱ्याचा,
त्याचं भाडं वेगळं मिळालं, रोख.
हे सगळेच करतात, माझा नवरा म्हणतो,
आणि तो खोटं बोलत नाही, सगळेच करतात.

व्यापाऱ्यानं मात्र दोनशे कापले.
ढेपा तोडून माझ्या नाकाला लावल्या:
बाई, वास घ्या, बांगडा.
घेतला. होता.
फळ्यांवर चुन्यासारखे पांढरे कालवांचे ठिपके,
हौद दोनदा धुतला तरी गेले नाहीत.

ते दोनशे कोणाच्या नावे टाकावेत ते कळेना.
शाबाच्या पानावर, खाली,
पेन्सिलीनं लिहून ठेवलेत.
त्याच्याखाली दहा हजार आठशे,
तेही पेन्सिलीनंच.
तळपणला जाणारी बस दुपारी दोनला सुटते.